मिस्टर बाहेर बसलेत

"मिस्टर आलेत का बरोबर?" डॉक्टरांनी विचारलं.

"आलेत की. बाहेर बसलेत," मी म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. ह्यांना जाऊन तेव्हा अडीच वर्षं होत आली होती.

खोटं बोलायचं ठरवून मी बार्शीहून निघाले नव्हते. पण त्याआधी महिनाभर गावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले होते. म्हातारा, भला माणूस. आमचं चष्म्यांचं दुकान, ह्यांच्या माघारी मीच चालवायची. दिवसभर काउंटरमागे स्टुलावर बसायचं, आणि तेच मला जमेना झालं होतं. लघवीला गेलं की मिरची लागल्यासारखी आग व्हायची. चालताना साडीचा काठ जरी घासला तरी डोळ्यांत पाणी यायचं. दर दोन-तीन महिन्यांनी लघवीत जंतू, मग गोळ्या, मग पुन्हा तेच. लाजत लाजत मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, वयानं होतं असं. आणि आता दिगंबरराव पण नाहीत. त्या जागेचं एवढं कशाला मनावर घेता?"

मायेनंच म्हणाले. म्हणून तर ते वाक्य आत जाऊन बसलं.

सोलापूरच्या डॉ. मंगरुळेबाईंचं नाव मला एका गिऱ्हाईक बाईनं दिलं, चष्मा घालून बघता बघता, आरशात माझ्याकडे न बघता. आता त्यांच्यासमोर बसल्यावर मला वाटलं, मिस्टर नाहीत म्हणाले तर हीही तेच म्हणेल. मग परत बस धरायची आणि घरी जायचं.

डॉक्टर चाळिशी ओलांडलेल्या होत्या, बोलायला सरळ. तपासून झाल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "पाळी गेली की आतली कातडी पातळ पडते. ओल राहत नाही. म्हणून आग, म्हणून जंतू, म्हणून संबंधाच्या वेळी दुखणं. रक्त पण येत असेल."

"यायचं," मी म्हणाले. मग घाईनं, "येतं."

"खरं तर मी आधी हार्मोनचं मलम दिलं असतं. पण तुमची छातीतली गाठ काढलीय ना? कॅन्सरची. तिथं मी हार्मोन द्यायला कचरते. लेझर करून बघता येईल. तीन वेळा यावं लागेल, मध्ये महिना-सव्वा महिना सोडून. पण काकू, सगळ्यांना गुण येतो असं नाही. डॉक्टरांतही यावर एकमत नाही. खोटा शब्द देणार नाही मी."

त्यांनी हे सांगितलं म्हणूनच माझा विश्वास बसला. "करा," मी म्हणाले.

त्याच दिवशी पहिली वेळ झाली. अंगठ्याहून थोडी जाड अशी काचेसारखी नळी. आधी बधिर करायचं मलम. खोलीतल्या सगळ्यांना, मलासुद्धा, जाड रंगीत चष्मे. नाकावर ढिले होते, माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. आत ऊब लागली, टिक्‌ टिक्‌ आवाज होत राहिला. बाहेरच्या बाजूला आल्यावर मात्र चटका बसला, आणि केस जळल्यासारखा वास आला. दहा मिनिटांच्या आत सगळं आटपलं.

"पाच-सहा दिवस मिस्टरांना लांब राहायला सांगा," हात धूत डॉक्टर म्हणाल्या. "की मीच सांगू? बोलावते त्यांना आत."

"नको, नको! लाजाळू आहेत ते."

हे खोटं नव्हतं. लाजाळूच होते. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही आणि कधी आवाज चढवला नाही. माझी पाळी गेली त्या वर्षी सगळं बदललं. ते जवळ आले की मी दात आवळून, पलंगाची कड धरून पडून राहायची. दुखतंय हे शब्द तोंडातून येत नसत. कसे येणार? असं काही बोलायची आमच्याकडे रीतच नव्हती. एकदा सहन झालं नाही आणि मी दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. त्यांनी काही विचारलं नाही. उठले, उशी घेतली आणि समोरच्या खोलीतल्या कॉटवर जाऊन झोपले. ते शेवटपर्यंत तिथंच झोपले. माझं कॅन्सरचं आजारपण झालं तेव्हा डबे आणले, औषधं आणली, मुंबईच्या खेपा केल्या, पण झोपायला कॉटवरच. एका दुपारी दुकानातच, समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना, लेन्स पुसता पुसता खाली बसले ते बसलेच.

दुसऱ्या वेळी मी गेले ते एप्रिलच्या अखेरीस. सोलापूरचं ऊन ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. डॉक्टरांचा दवाखाना होटगी रोडकडच्या एका बैठ्या बंगल्यात होता. बायका आतल्या हॉलमध्ये बसायच्या, आणि पुरुषमाणसांसाठी बाहेर व्हरांड्यात, भिंतीच्या वळणाला, सिमेंटचा एक बाक होता. हॉलमधून तो दिसत नसे. दाराशी टेबल टाकून बसलेल्या मुलीलाच तो दिसायचा. लावण्या तिचं नाव. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरातली, बडबडी, दिवसभर कानाला फोन आणि हातात पेन.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, मिस्टर आलेत ना. मी पुन्हा म्हणाले, बाहेर बसलेत. आता ते बदलता येण्यासारखं नव्हतं.

आटपून बाहेर आले, तर लावण्या म्हणाली, "काकू, काकांना पाणी दिलं बघा मी. केवढं ऊन, आणि एकटेच बसलेत की ओ."

"कोण काका?"

"तुमचेच! आत येऊन हॉलमध्ये फॅनखाली बसा म्हणलं, तर नको म्हणले हातानं."

दुसऱ्या कुणाचे तरी मिस्टर असतील, मला वाटलं. हॉलमध्ये अजून दोन बायका होत्याच. मी हसून म्हणाले, "माझे कशावरून?"

"मी विचारलं की, कुणाबरोबर आलाव? तर म्हणले, शेटेबाईंबरोबर. शेटे तुम्हीच की." तिनं फोन बाजूला ठेवला. "किती ताठ बसतात ओ काका. टेकून बसा म्हणलं, तर नाही. मांडी घालून, पाठ सरळ, हात मांडीवर. कपाळाला विभूती. आणि चष्म्याची काडी तेवढी बदलून द्या त्यांना, काकू. तांब्याच्या तारेनं बांधलीय."

हातातली पिशवी मी तिच्या टेबलावर ठेवली.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. ह्यांनाही तसंच बसवलं होतं, मांडी घालून, पाठ सरळ. गावाला नव्या फ्रेमी विकणारा माणूस स्वतः मात्र तांब्याच्या तारेनं बांधलेल्या काडीचा जुना तपकिरी चष्मा वापरायचा. तो मीच त्यांच्या डोळ्यांवर ठेवला होता. कुणीतरी म्हणालं, आता कशाला. मी म्हणाले, असू दे, त्यांना त्याच्याशिवाय दिसत नाही.

मी वळणापर्यंत गेले. बाकावर कुणी नव्हतं. स्टीलचा पेला भरलेला होता, काठोकाठ. अंगणात उन्हाचा लोळ. बाकावर हात ठेवून बघितला. व्हरांड्याची फरशी तापलेली, भिंत तापलेली, आणि बाकाची तेवढी जागा माठाच्या पोटासारखी गार.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. गाडीत माणसं उभी. कडेवर मूल घेतलेली एक बाई आली, सीटकडे बघितलं, आणि पुढं सरकून दांड्याला धरून उभी राहिली.

"बसा की," मी म्हणाले. "रिकामीच आहे."

तिनं पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाली, "असू द्या, मावशी. इथंच उतरायचंय." निम्म्याहून जास्त वाट सरली, वैराग आलं, तरी ती उतरली नव्हती.

घरी मात्र काहीच झालं नाही. ते जास्त वाईट होतं. समोरच्या खोलीतली कॉट होती तशी, चादर होती तशी. मी स्वयंपाक करायची, दुकान उघडायची, नंबर काढायची, आणि सारखं वाटायचं की घर कशाची तरी वाट बघतंय. बोलणार कुणाशी? मुलगी बंगळूरला. तिला मी सोलापूरला दुकानाचा माल आणायला जाते एवढंच सांगितलं होतं.

मला भीती एका गोष्टीची वाटत होती, आणि ती लिहितानासुद्धा संकोच होतो. मला वाटायचं, ह्यांनी ऐकलं. बायको तिकडं जाऊन सांगतेय की नवरा आहे, त्याच्यासाठी हे करायचंय. आणि ते आले. आता तिसरी वेळ झाली, अंग बरं झालं, की डॉक्टर म्हणतील, आता काही हरकत नाही, संबंध ठेवा. मग? समोरच्या खोलीतून कोण उठून येईल? मी माझ्या खोलीला आतून कडी लावायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात मला बोट लावून दुखवलं नाही, त्याच्या भीतीनं. दुखवलं नाही म्हणजे, जाणूनबुजून नाही.

आणि गंमत म्हणजे आग कमी झाली होती. पुष्कळ नाही, पण स्टुलावर तासभर बसता यायला लागलं होतं. लघवीला जायची धास्ती गेली होती. तिसऱ्या वेळेला जाऊच नये असं चारदा मनात आलं, आणि चारही वेळा वाटलं, का जाऊ नये? अंग माझं आहे.

जूनमध्ये गेले. पाऊस नव्हता, ढग नुसते येऊन बसलेले, हवा कोंडलेली. रिक्षातून उतरतानाच मी ठरवलं होतं, आज खरं सांगायचं. दाराशी लावण्याला म्हणाले, "आज माझ्याबरोबर कुणी नाही हं. मी एकटीच आलेय."

ती हसली. "काय ओ काकू, भांडण झालं काय? काका तर तुमच्या आधीपासून येऊन बसलेत. मी कुलूप काढताना बाकावर होते."

मी वळणाकडे बघितलं नाही. सरळ आत गेले.

टेबलावर झोपले, डॉक्टरांनी चष्मा पुढं केला, आणि मी म्हणाले, "मॅडम, माझे मिस्टर नाहीत."

"आज नाही आले?"

"वारले. तीन वर्षं होतील आता. पहिल्या दिवशी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्या थांबल्या. नर्सला त्यांनी काहीतरी आणायला पाठवलं आणि स्टूल ओढून माझ्या डोक्याशी बसल्या.

"का सांगितलं असं?"

"नवरा नाही म्हणाले, तर तुम्ही म्हणाला असता, आता कशाला पाहिजे."

डॉक्टर म्हणाल्या, "उठता-बसता आग तुम्हाला होते ना? मग झालं. माझ्याकडं येऊन बऱ्याच बायका आधी नवऱ्याचंच सांगतात. त्याला त्रास होतो, तो चिडतो. स्वतःचं शेवटी, दाराशी गेल्यावर."

त्यांनी पुढं केलेला चष्मा मी लावला. बाहेरचं मी सांगितलं नाही. सांगणार काय? नर्स परत आली. ऊब लागली, टिक्‌ टिक्‌ सुरू झालं, चटका बसला, वास आला. मी छताकडे बघत होते. या वेळी मात्र मी दात आवळले नव्हते. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा सगळं संपलं होतं.

डॉक्टर हातमोजे काढत होत्या, मी उठून साडी सावरत होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली. दार उघडलं नाही. लावण्या बाहेरूनच म्हणाली, "मॅडम, ते शेटेकाका विचारतायत."

डॉक्टरांचा हात मोज्यात अर्धा तसाच राहिला. "कोण?"

"शेटेकाका. ते कधी आपणहून बोलत नाहीत, आज उठून माझ्या टेबलापाशी आले. विचारतायत, तिला दुखत तर नाही ना?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चाललेला मला दिसला, आणि मला वाटलं, आता मी घाबरायला पाहिजे. पण मला भीती वाटलीच नाही. ती जी इतके दिवस छातीवर बसलेली होती ती कुठं गेली कळलं नाही. बत्तीस वर्षांत, आणि नंतरच्या अडीच-तीन वर्षांत, मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"सांग त्यांना," मी दाराकडे तोंड करून म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी. "म्हणावं, दुखत होतं. पाळी गेल्यापासून दुखत होतं. फार. तुमच्यामुळं नाही म्हणावं. तुमचं काही चुकलं नव्हतं. अंगच तसं झालं होतं. मला सांगता आलं नाही."

"एवढं सगळं सांगू?" लावण्या म्हणाली.

"सगळं सांग."

तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. मग व्हरांड्यातून तिचं बोलणं ऐकू आलं. ती माझे शब्द जसेच्या तसे, शाळेत कविता म्हणावी तसे, एकेक करून म्हणत होती. दुसरा आवाज ऐकू येतो का म्हणून मी श्वास धरून उभी राहिले. नाही आला.

ती परत आली. या वेळी तिनं दार उघडलं. चेहरा गोंधळलेला.

"गेले काका," ती म्हणाली. "मी सांगितलं तर कितीतरी वेळ तसेच उभे होते. चष्मा काढला, पुसला. मग म्हणले, मला वाटलं मीच नकोसा झालो तिला. आणि पायऱ्या उतरून चालायला लागले. काकू, तुमच्यात काय झालंय?"

पुढचं आताच सांगून टाकते. त्या उपचारानं मला बराचसा गुण आला. सगळा नाही, पण दीड-दोन वर्षं बरी गेली. मग पुन्हा थोडी आग सुरू झाली. आता साधं ओलावा देणारं जेल लावते, हार्मोन नसलेलं, आणि दुकानात बसते. डॉक्टरांकडे नंतर दोनदा गेले. त्या दिवसाबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. फक्त एकदा तपासताना त्यांनी विचारलं, "लावण्याला तुम्ही कधी सांगितलंत का?" मी नाही म्हणाले. "मीही नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "ती बाकाशी एकटी बसते दिवसभर."

पण त्या दुपारचं थोडं राहिलंय.

निऱ्या कशाबशा खोचल्या आणि मी तशीच बाहेर पळाले. वळणाशी बाक रिकामा. पायऱ्या उतरले, फाटकाबाहेर आले. पायांत चपला नव्हत्या. रस्ता दोन्ही बाजूंना सरळ, ढगाळ उजेडात राखेसारखा, आणि त्यावर एक माणूस नाही. दुकानांची शटरं खाली. झाडाचं पान हलत नव्हतं. कुठल्या बाजूला गेले असतील कळेना. आमच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि भर रस्त्यात ओरडत तर नाहीच. मी ओरडले.

"अहो! अहो, थांबा!"

माझा आवाज त्या रस्त्यावरून पार टोकापर्यंत गेला. काहीच परत आलं नाही. मी पुन्हा ओरडले. मग कोपऱ्यावरून एक रिक्षा वळली आणि घरघरत माझ्यापाशी येऊन थांबली. चालक वयस्कर होता, गळ्यात टॉवेल.

"कुठं जायचं, मावशी?"

मी म्हणाले, "एसटी स्टँडवर."

तो मागं वळला, माझ्या खांद्यावरून फाटकाकडे, आत व्हरांड्याकडे बघितलं, आणि इंजिन बंद केलं. "काका येतायत ना? येऊ द्या सावकाश. थांबतो."

मी मागं वळून बघितलं नाही. आत बसले, पदर सारखा केला.

"नका थांबू," मी म्हणाले. "ते गेले."